मासा ओळखायचा कसा: आधी अंगावरच्या खुणा, नाव नंतर

मासे ओळखायला शिकायचंय म्हटलं की बहुतेक जण आधी नावांची यादी शोधतात, फोटोसकट, आणि ती पाठ करायला बसतात. पण रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तोच थोडं खाली गेलं की खजुरी होतो आणि गोव्यात चोणक होतो, मासा एकच. उलटंही होतं, सरंगा मागितला तर एक जण मोठं पापलेट दाखवेल आणि दुसरीकडे तुमच्या हातात हलवा येईल, आणि दोघंही आपापल्या गावाच्या हिशोबानं बरोबर असतात. त्यामुळे नुसत्या नावावर भरवसा ठेवून काही साधत नाही. माशाच्या अंगावर मात्र सहा-सात जागा अशा आहेत की त्या ठरलेल्या क्रमानं बघायची सवय लागली ना, की अनोळखी मासा समोर आला तरी निदान कुठल्या खानदानातला आहे एवढं तरी कळतं. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. उदाहरणं आपल्याच बाजारातली, कोकण किनाऱ्यावरची आणि घाटावरच्या धरणांतली.

आधी थोडी तयारी

बाजारात सकाळी लवकर जा, कारण तेव्हा मासे अख्खे असतात. दुपारपर्यंत डोकी उडालेली असतात, खवले काढलेले असतात, शेपट्या छाटलेल्या असतात, म्हणजे नेमक्या ज्या खुणा बघायच्या त्याच गेलेल्या. मुंबईत असाल तर ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावर पहाटे जाऊन या एकदा, पण तिथे घाई असते, लिलाव चालू असतो, वाटेत उभं राहिलात तर शिव्या खाल. शिकायला आपला रोजचा मासळी बाजार बरा, गर्दी ओसरली की एखाद्या मावशींकडून थोडं काहीतरी घ्या आणि मग विचारा. काही न घेता दहा प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तरं मिळत नाहीत आणि मिळूही नयेत.

कॅलेंडर पण बघा. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद असते. ह्या दोन महिन्यांत समुद्राचा मासा दिसला तर तो बर्फातला, बाहेरच्या राज्यातला नाहीतर बिनइंजिनाच्या छोट्या होडीनं किनाऱ्याजवळ धरलेला. खाडीचे आणि गोड्या पाण्याचे मासे तेव्हा जास्त दिसतात, त्यामुळे नदीचे मासे शिकायचे असतील तर हाच सीझन.

सोबत मोबाईल, एक छोटी पट्टी आणि हात पुसायला फडकं. पट्टी विसरलात तर दहा रुपयाचं नाणं चालेल, ते २७ मिलिमीटरचं असतं, फोटोत माशाशेजारी ठेवलं की लांबीचा अंदाज नंतर काढता येतो.

पायरी १: खवले आणि मिशा

सगळ्यात आधी अंगावरून बोट फिरवा, डोक्याकडून शेपटीकडे, उलटं नाही. खवले आहेत की गुळगुळीत बुळबुळीत कातडी आहे? कातडी असेल आणि तोंडाभोवती मिशा असतील तर तो मांजरमाशांच्या कुळातला, म्हणजे समुद्रातला शिंगाळा नाहीतर गोड्या पाण्यातले मागूर, शिंगी, पंगस. ह्यांना हात लावताना जपून, कारण शिंगाळ्याला पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत, म्हणजे पोहायच्या पंखांत, एकेक असे तीन कडक काटे असतात आणि शिंगीच्या काट्याची वेदना तर ज्याला लागलाय त्यालाच विचारा. कोळणी पहिल्यांदा तेच काटे तोडून टाकतात.

खवले आहेत आणि मिशाही आहेत असं असेल तर गोड्या पाण्यातला रोहूच्या घराण्यातला मासा असण्याची शक्यता खूप. कुठे किती मिशा हे पुढे बघू.

आणि कल्ल्यावर झाकणच नाही, नुसत्या पाच चिरा दिसतायत, कातडी सॅंडपेपरसारखी, तर ती मुशी, म्हणजे शार्क. मुशीची पिल्लं बाजारात सर्रास दिसतात. शार्क आणि रांजे, म्हणजे त्यांच्याच नात्यातले चपटे मासे, ह्यांच्या काही जाती कायद्यानं संरक्षित आहेत, व्हेल शार्कला तर २००१ पासून वाघाच्या बरोबरीनं संरक्षण आहे.

पायरी २: पाठीवरचे पर मोजा

पर एक आहे का दोन? सलग आहे का तुटलेला? पुढचा भाग टोचतो का? हे तीन प्रश्न.

सगळ्यात कामाची खूण म्हणजे मागचा पर आणि शेपटी ह्यांच्या मधले छोटे छोटे सुटे पर, ओळीनं, वर पण आणि खाली पण. हे दिसले की समजायचं बांगडा, सुरमई, कुपा (म्हणजे टूना) ह्यांच्यापैकी काहीतरी आहे. बांगड्याला असे पाच वर आणि पाच खाली असतात, बोटानं उचलून मोजून बघा, एकदा मोजले की आयुष्यभर लक्षात राहतं.

दुसरी खूण लोकांच्या लक्षातच येत नाही. काही माशांना पाठीवरच्या मुख्य पराच्या मागे, शेपटीच्या जरा आधी, एक छोटासा मांसल पर असतो, त्यात काटा नाही, काडी नाही, नुसता मऊ तुकडा. बोंबलाला असतो, शिंगाळ्याला असतो, पंगसला असतो आणि रूपचंदला असतो. पापलेटाला नसतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पैसे वाचतील, का ते खाली सांगते.

पायरी ३: शेपटी आणि शेपटीचा देठ

शेपटी दुभंगलेली, गोल की नाहीच, हे बघा. नाहीच म्हणजे वाकटी: चकचकीत चंदेरी पट्टा, मागे निमुळती होत होत दोऱ्यासारखी संपते, खवलेही नाहीत. बोंबलाची शेपटी तीन टोकांची असते, मधलं टोक छोटं, मऊ असल्यामुळे चिकटून बसतं म्हणून दिसत नाही, पाण्यात धरून बघा.

शेपटीचा देठ म्हणजे शेपूट सुरू होण्याआधीचा बारीक भाग, त्यावर बाजूनं अंगठा फिरवायचा. कडक, करवतीसारखं खरखरीत लागलं तर तो हलव्याच्या खानदानातला. हलव्याला लोक काळं पापलेट म्हणतात खरं, पण तो पापलेटाचा सख्खा तर सोडाच चुलतसुद्धा नाही. ह्याच खानदानात बांगड्याच्या आकाराचे, बांगड्याच्याच ढिगात मिसळून येणारे मासे असतात, त्यातल्या एकाला तर सुटे छोटे परही असतात, त्यामुळे नवखा माणूस हमखास बांगडा म्हणून घेऊन येतो. शेपटीजवळ बाजूला ती खरखरीत कडक रेघ लागली की तो बांगडा नव्हे, बांगड्याचा देठ गुळगुळीत असतो.

पायरी ४: पोट आणि छाती

पोटाच्या कडेवरून बोट शेपटीकडून डोक्याकडे, म्हणजे आता उलटं फिरवा, हळू. दातेरी लागलं तर तारली, पेडवे, पाला ह्या मंडळींपैकी. तारली जरा लांबट गोलसर, पेडवे चपटे आणि पोटाला जास्त खोल, पाला मोठा आणि पोटाची धार चांगलीच जाणवते. बंगाली लोक ज्याच्यासाठी जीव टाकतात तो इलिश म्हणजे हाच पाला.

छातीच्या परांखाली बघा, सुटे लोंबणारे धागे आहेत का. रावसाला एका बाजूला चार असतात. पाच असतील तर तो दाढा. दोघंही चवीला उत्तम, पण रावसाच्या भावात दाढा घ्यायचा का हा प्रश्न तुमचा, मोजता मात्र आलं पाहिजे. रावसाला इंग्रजी मेनूकार्डावर इंडियन सॅल्मन लिहितात, खऱ्या सॅल्मनशी त्याचं नातं नाही, खऱ्या सॅल्मनला असे धागे नसतात आणि पाठीवर तो मघाशी सांगितलेला मऊ छोटा पर असतो.

पायरी ५: तोंड, दात, डोळे, नाकपुड्या

तोंड वर वळलेलं असेल तर मासा पृष्ठभागावर खाणारा, खाली वळलेलं असेल तर तळाशी चरणारा, ही साधी गोष्ट कार्प, म्हणजे रोहू-कटल्याच्या घराण्यातले मासे, ओळखताना फार उपयोगी पडते. दातांचं म्हणाल तर कर्लीचे पुढचे सुळे एकदा बघितले की ती परत कशाशी गोंधळणार नाही, तलवारीसारखी चपटी लांब चंदेरी आणि तोंडात सुळे. चवीला भारी, काट्यांना तितकीच वाईट, लहान मुलांना देऊ नका.

दोन्ही डोळे एकाच बाजूला दिसले की लेप. तो जन्मतः तसा नसतो, पिल्लू असताना एकेक डोळा दोन बाजूंनाच असतो, मग एक डोळा सरकत सरकत पलीकडे येतो आणि मासा त्या अंगावर वाळूत पडून राहतो. आपल्या बाजारात येणाऱ्या जिभेच्या आकाराच्या लेपांचे डोळे डाव्या अंगाला असतात.

नाकपुड्या कोण बघतं असं वाटेल, पण चिलापी, म्हणजे तिलापिया, ओळखायची अगदी पक्की खूण नाकपुडीच आहे. बहुतेक माशांना डोक्याच्या प्रत्येक बाजूला दोन दोन भोकं असतात, चिलापीला एकेकच. शिवाय तिच्या अंगावरची बाजूची रेघ अखंड नसते, पुढचा तुकडा वर संपतो आणि मागचा तुकडा खालून सुरू होतो.

ही बाजूची रेघ म्हणजे कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी बारीक ठिपक्यांची लाईन, माशाला पाण्यातली हालचाल तिथून जाणवते. तिचा मार्ग बघायची सवय लावा. ढोमा, कोथ, घोळ ह्या घराण्यात ती शेपटीच्या बुडाशी थांबत नाही, शेपटीच्या परावरून थेट टोकापर्यंत जाते, आणि मागचा पाठीवरचा पर खूप लांब असतो. ढोम्याचं डोकं फोडलं तर आत पांढरे दगडासारखे दोन मोठे तुकडे मिळतात, ते कानातले, तीही ह्या घराण्याची खूण. घोळीच्या पाठीवर आणि परांवर बारीक काळे ठिपके असतात. तिचा पोटातला फुगा, म्हणजे भोत, एवढा महाग विकला जातो की २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघरच्या मुरबे गावच्या एका बोटीला दीडशेच्या वर घोळी मिळाल्या आणि त्या कोटीच्या पुढे गेल्या, पेपरात सगळीकडे आलं होतं. गुजरातनं तिला राज्यमासा केलंय.

रंग सगळ्यात शेवटी

मुद्दाम शेवटी ठेवलाय. मासा मेला की रंग उतरतो, बर्फात अजून उतरतो, आणि काही विक्रेते लाईट असा लावतात की सगळंच गुलाबी दिसतं. रंग फक्त वरच्या खुणांना जोड म्हणून वापरायचा. बांगड्याच्या पाठीवरच्या गडद लांब रेघा आणि बाजूच्या पराजवळचा काळा डाग बराच काळ टिकतो. मांदेलीचा सोनेरी रंग जातो पण पोटाकडचे मोत्यासारखे ठिपके ओळीनं दिसत राहतात. राणी माशाचा गुलाबी रंग आणि पिवळ्या रेघा फिक्या झाल्या की लोक त्याला तांबोशीचं पिल्लू समजतात, तांबोशी अंगानं जाड, जबडा मोठा, पुढे सुळे आणि खवले जाडजूड.

आता जिथे खरोखर पैसे जातात त्या जोड्या

पापलेट. २०२३ मध्ये चंदेरी पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, त्यामुळे ओळखता आलाच पाहिजे. बाजूनं चपटा, चौकटीच्या पत्त्यासारखा, तोंड एवढंसं, पोटाखाली परांची जोडी नाहीच, वरचा आणि खालचा पर कोयत्यासारखा मागे वळलेला, शेपटी खोल दुभंगलेली आणि खालचं टोक वरच्यापेक्षा लांब. खवले इतके बारीक की हाताला लागून निघतात. जुन्या पुस्तकांत ह्याचं शास्त्रीय नाव पॅम्पस अर्जेंटियस दिसेल, नव्या अभ्यासांत आपल्याकडच्याला पॅम्पस कॅन्डिडस म्हणतात, दोन्ही दिसलं तर गोंधळू नका. कापरी हे दुसरं पापलेट, त्याचे पर रुंद, कोयत्यासारखे नाहीत, शेपटीची खाच उथळ, एकूण आकार बोजड. मांस छान असतं, काही जण कापरीच जास्त पसंत करतात.

आता रूपचंद. गोड्या पाण्यात पाळतात, मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि विकताना त्याला फ्रेशवॉटर पापलेट म्हणतात. हॉटेलात प्लेटमध्ये तळून आला की खरंच फसायला होतं. पण अख्खा असेल तर चार सेकंदात कळतो: पोट आणि छाती लालसर, पाठीवर मागे तो मऊ छोटा पर, आणि तोंड उघडलं की दात, आपल्या दाढांसारखे, बघून दचकायला होतं. पापलेटाच्या तोंडात असलं काही नसतं. वाईट मासा आहे असं नाही, स्वस्त आहे, कालवणाला चालतो. त्याच्या भावात घ्या म्हणजे झालं.

सुरमई. मालवणाकडे इसवण. अख्खी घेतली तर प्रश्न नसतो, सुटे छोटे पर, लांब टोकदार तोंड, धारदार दात, अंगावर खवले जवळपास जाणवत नाहीत. त्यातही दोन प्रकार नेहमी येतात. एकीच्या अंगावर उभे नागमोडी पट्टे असतात आणि बाजूची रेघ मागच्या पाठीवरच्या पराखाली एकदम खाली उतरते, ही मोठी होते. दुसरीच्या अंगावर गोल ठिपक्यांच्या ओळी असतात आणि रेघ हळूहळू उतरते. खरी पंचाईत तुकड्यांची. कातडीसकट तुकडा असेल तर पट्टे किंवा ठिपके शोधा. मांस गडद लाल असेल तर तो कुपा, सुरमईचं फिकं असतं. कातडी वरून गडद तपकिरी आणि बाजूनं फिकट आडवे पट्टे असतील तर तो मोडसा असू शकतो, गोव्यात आवडीनं खातात, पण सुरमई म्हणून घेतला तर मन खट्टू होणारच.

जिताडा मला वाटतं सगळ्यात इंटरेस्टिंग. खारेपाटात, म्हणजे पेण-अलिबागकडच्या खाजणातल्या तळ्यांत वाढतो, गोड्या पाण्यात राहतो आणि अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात जातो. लहानपणी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. त्यामुळे हा गोड्या पाण्यातला का खाऱ्या असं विचारलं तर उत्तर दोन्ही. ओळख: डोळ्यावर कपाळाला खळगा, तिथून पाठ एकदम वर चढते, तोंड डोळ्याच्या मागेपर्यंत फाकतं, शेपटी गोल आणि डोळा अंधारात लालसर चमकतो. जिताडा घेऊन गेलं की सरकारी काम लवकर होतं असं रायगडात गमतीनं म्हणतात, आता किती गंमत आणि किती खरं ते तिथल्यांनाच माहीत.

खाडीत जिताड्याच्या सोबतीला बोय असते. डोकं वरून चपटं, पाठीवर दोन छोटे पर, एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर, पहिल्यात चारच काटे, आणि बाजूची रेघ दिसतच नाही.

गोड्या पाण्यातले: धरणावरचा बाजार

उजनीच्या काठी भिगवण-इंदापूरकडे गेलात तर एका सकाळी इथले निम्मे मासे शिकून याल. घाटावर जे विकलं जातं त्यात कार्प सगळ्यात जास्त, आणि ते सगळे सारखेच दिसतात अशी तक्रार असते. तोंड आणि मिशा बघा, बाकी सोडा.

कटला: डोकं प्रचंड, अंगाच्या मानानं बेढब वाटेल इतकं, तोंड वर वळलेलं, खालचा ओठ पुढे, मिशा नाहीत. रोहू: डोकं लहान, ओठ जाड आणि कडेला झालरीसारखे, छोट्या मिशा, खवल्यांवर तांबूस छटा. मृगळ: अंग लांब सरळ, तोंड खालच्या बाजूला, मिशा अगदी आखूड. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, म्हणूनच तळ्यात तिघांना एकत्र सोडतात. सायप्रिनस, ह्यालाच कॉमन कार्प म्हणतात, त्याला मिशांच्या दोन जोड्या आणि पाठीवरचा पर खूप लांब, त्याच्या सुरुवातीचा काटा मागून करवतीसारखा दातेरी. गवत्याला मिशा नाहीत, अंग लांब गोल, खवले मोठे ठळक, पाठीवरचा पर छोटा. चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, त्याचे खवले अगदी बारीक आणि डोळा इतका खाली की मासा उलटा धरलाय की काय असं वाटतं.

महासीर बाजारात शोधू नका, दिसला तर विकत घेऊ नका. पण ओळखता यावा: खवले इतके मोठे की बाजूच्या रेघेवर पंचवीस-सत्तावीसच बसतात, ओठ जाड, मिशांच्या दोन जोड्या. १८३९ साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं आपल्या दख्खनी महासीरचं शास्त्रीय वर्णन छापलं, तो नमुना पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतला होता. आज तिथे नदीकाठी उभं राहून हे वाचलं की वाईटच वाटतं. जिवंत बघायचे असतील तर महाडजवळ वाळण कोंडीला जा, तिथे देवीचे मासे म्हणून कोणी धरत नाही, कुरमुरे टाकले की पाणी उकळल्यासारखं होतं.

चिलापीची नाकपुडी वर सांगितलीच, शेपटीवर उभे पट्टे असतील तर ती नाईल जातीची. मरळ डोक्यानं सापासारखी, पाठीवरचा आणि खालचा पर दोन्ही लांब आणि न टोचणारे, हवेतून श्वास घेते म्हणून टोपलीत तासन्‌तास जिवंत असते, शेपटीच्या बुडाशी गोल डोळ्यासारखा ठिपका असेल तर मोठी होणारी जात. वाम सापासारखीच पण तोंड सोंडेसारखं निमुळतं आणि पाठीवर पराच्या आधी सुटे टोचरे काटे.

मागूर आणि शिंगी ह्यांना मिशांच्या चार जोड्या, फरक पाठीवर: मागुराचा पर डोक्यापासून शेपटीपर्यंत लांब, शिंगीचा एवढासा. देशी मागूर लहानखुरा असतो. दोन-तीन किलोचा, अंगावर संगमरवरासारखे डाग असलेला मागूर कोणी दाखवला तर तो थाई मागूर म्हणून विकला जाणारा आफ्रिकी मासा, त्याच्या पालनावर आपल्याकडे बंदी आहे. घाण पाण्यात वाढवतात, नदीत सुटला तर देशी मासे खाऊन टाकतो. घेऊ नका.

पहिल्या पावसात कोकणात चढणीचे मासे धरतात, उत्तरेकडे त्यालाच वलगण म्हणतात, तेव्हा ओहोळाला बरेच छोटे स्थानिक मासे एकदम बघायला मिळतात. ते अंडी घालायला चढत असतात, त्यामुळे बघा, फोटो काढा, परत सोडा. आजीच्या काळात धरायचे हे मान्य, तेव्हा ओहोळही तसे होते.

तुकडे आणि फिले

कातडी काढलेला पांढरा फिले बघून जात ओळखता येत नाही, तुम्हाला नाही, मला नाही आणि खरं सांगायचं तर विकणाऱ्यालाही बऱ्याचदा नाही. बासा म्हणून मिळतो तो पंगस असतो: अख्खा बघितला तर कातडी गुळगुळीत, डोळे मोठे, मिशांच्या दोन जोड्या, मागे मऊ पर. महाग माशाचा फिले हवा असेल तर मासा अख्खा निवडा आणि समोर कापून घ्या, कातडी ठेवायला सांगा.

एक गोष्ट मात्र गमतीत घेऊ नका

केंड, म्हणजे फुगा मासा. खवले नाहीत, तोंडात चार दातांची चोच, पोट फुगवतो. काही केंडांत असं विष असतं की शिजवूनही जात नाही. जाळ्यात बऱ्याचदा येतो आणि किनाऱ्यावर टाकून दिलेला दिसतो. ओळख पटली नाही असा कुठलाही मासा खाऊन बघायचा नाही, हा नियम केंडामुळेच पाळा.

नोंद कशी ठेवायची

फोटो असा काढा: मासा आडवा, डोकं डावीकडे, पर बोटानं पसरलेले, शेजारी पट्टी. दुसरा फोटो तोंडाचा, तिसरा शेपटीच्या देठाचा. मागे साधा कागद किंवा रिकामं टेबल असेल तर उत्तम, बर्फात कडा दिसत नाहीत. खाली तारीख, बाजार आणि विकणाऱ्या बाईंनी सांगितलेलं नाव त्यांच्याच उच्चारात लिहा, सुधारायला जाऊ नका. मग घरी येऊन फिशबेस ह्या साईटवर ताडून बघा, तिथे स्थानिक नावानंही शोधता येतं पण मराठी नावं रोमन लिपीत आणि कधी कधी अजबच स्पेलिंगनं आहेत, म्हणून कुळ आधी ठरवून मग शोधलेलं बरं. आयनॅचरलिस्टवर फोटो टाकला तर जाणकार लोक नाव सुचवतात. मोबाईलमधलं ॲप आपोआप सांगतं ते पहिलं नाव मात्र खरं धरू नका, ते बहुतेक वेळा रंग आणि आकारावरच जातं, देठावर अंगठा फिरवणं त्याला जमत नाही.

लांबीही लिहून ठेवा. महाराष्ट्रात २०२३ पासून चोपन्न जातींसाठी किमान आकार ठरवलाय, त्याहून लहान मासे धरायचे नाहीत. तळहातापेक्षा छोटी पापलेटं दिसली की भाव कितीही कमी असला तरी पुढच्या टोपलीकडे वळा.